कल्याणला तीन मिनिटं

कोपर स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका चार मजली इमारतीत सरोज वैशंपायन राहते. वय सत्तर, गुडघे पंच्याऐंशीचे, असं ती स्वतःच सांगते. लग्न होऊन नागपूरहून इथं आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तरी एप्रिलमध्ये शेजारणी ऊन ऊन करायला लागल्या की तिला हसू येतं. हे ऊन नव्हेच, हा नुसता घाम, ऊन पडतं ते नागपुरात, असं तिचं ठाम मत आहे. डोंबिवलीच्या एका शाळेत तिने सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे तिचं मत सहसा कुणी खोडून काढत नाही.

इमारतीत कुणालाही विदर्भाकडे जायचं असलं की तो आधी सरोजकाकूंचं दार वाजवतो. कुठली गाडी बरी, कल्याणला ती किती थांबते, कुठला डबा जिन्याजवळ लागतो, सगळं तिला तोंडपाठ आहे. हल्ली हे सगळं फोनवर दिसतं, पण फोन खोटं बोलतो आणि काकू बोलत नाहीत अशी लोकांची समजूत आहे. गंमत अशी की गेल्या तीस वर्षांत ती स्वतः नागपूरला दोनदाच गेली, एकदा वडिलांच्या वेळी आणि एकदा आईच्या. बाकी सगळं ज्ञान कल्याणच्या फलाटावर उभं राहून मिळवलेलं आहे.

त्या फलाटावर ती जाई तिच्या दादाला भेटायला. दादा म्हणजे हरिहर, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, नागपुरात बँकेत होता. बँकेच्या कामासाठी त्याला दर महिना-दीड महिन्याने मुंबईला यावं लागे. पूर्वी तो हटकून एक-दोन दिवस कोपरला उतरायचा. मग शहाण्णव साली सरोजच्या मुलाची, स्वानंदची, मुंज झाली. मामा म्हणून हरिहर आठ दिवसांची रजा टाकून आला. मांडव त्यानेच बघितला, आचारी त्यानेच आणला. चौथ्या दिवशी उरलेसुरले पंधरा-वीस पाहुणे जेवायला बसले असताना सरोजचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते हसत हसत बोलून गेले, "नागपूरची गाडी येते अगदी वेळेवर. परत सुटायचं नाव मात्र घेत नाही."

पंगत हसली. अण्णांचा स्वभावच तसा होता, माणूस वाईट नव्हता, पण जिभेला लगाम नव्हता. हरिहर हसला नाही. त्याने पानातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवला, हात धुतला, बॅग भरली आणि दारात चपला घालताना एवढंच म्हणाला, "सरू, यापुढे मी काही इथं उतरायचो नाही." सरोज तुपाची वाटी हातात घेऊन उभी होती. ती काहीच बोलली नाही.

दोन महिन्यांनी नागपूरहून कार्ड आलं. त्यावर ना मायना, ना खुशाली. चौदा तारखेच्या विदर्भने मुंबईला जातोय, डबा एस-चार, एवढंच. सरोजने ते दोनदा वाचलं आणि अण्णांसमोर ठेवलं. अण्णांनी वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि चौदा तारखेला पहाटे साडेचारला स्वतः उठून तिला उठवलं. ती आंघोळ करून येते तो यांनी चहा करून थर्मास भरून ठेवलेला. अण्णांच्या तोंडून माफीचा शब्द कधी निघाला नाही. पण पुढची चोवीस वर्षं, ती कल्याणला निघायची त्या प्रत्येक पहाटे, थर्मास त्यांनीच भरला.

विदर्भ एक्स्प्रेस सहाच्या आत कल्याणला येई आणि तीन मिनिटं थांबे. त्या तीन मिनिटांचं या बहीण-भावाने आपसूक एक वेळापत्रक लावून घेतलं. पहिलं मिनिट देवाणघेवाणीचं. ती थालीपिठं, लिंबाचं लोणचं, चहाचा थर्मास वर द्यायची, तो मागच्या खेपेचा डबा खाली द्यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही ही दोघांच्या आईची शिस्त, म्हणून त्यात कधी चारोळ्या असत, कधी सांडगे, डिसेंबरात वर एक संत्र्यांची पिशवी. दुसरं मिनिट बातम्यांचं. कोण आजारी, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, पटापट. तिसऱ्या मिनिटात बोलायचं काही उरत नसे. तो दारात उभा, ती खाली उभी. मग तो मनगटावरच्या घड्याळात बघे आणि म्हणे, "बरं, निघतो." ती म्हणे, "सावकाश." आणि गाडी हलायची.

भाऊबीजही तिथंच व्हायची. तबक, सुपारी, अंगठी, सगळं ती रुमालात बांधून न्यायची. निरांजन फलाटावरच्या वाऱ्याला विझायचं म्हणून नाथा हमाल आपली दोन्ही हातांची ओंजळ त्याभोवती धरायचा. नाथा कसाऱ्याकडचा, लाल सदऱ्यातला माणूस, त्याने कधी हरिहरची बॅग उचलली नाही, पण कुठला डबा कुठे लागणार हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. एकदा तिकीट तपासनीस घाईने उतरायला आला आणि ओवाळणं चाललेलं बघून दारातच अदबीने थांबला. हरिहरच्या कपाळाला कुंकू लागलं आणि शिट्टी वाजली. दोघांनाही त्या दिवशी फार हसू आलं.

एवढं सगळं होई, पण मुंजीचा विषय कधी निघाला नाही. तीन मिनिटांत न बसणारं काहीच ती दोघं काढत नसत. आधी सरोजला वाटलं, पुढच्या खेपेला बोलू. मग पुढची खेपही तीन मिनिटांचीच असे. फोन होता, पण फोनवर हरिहर म्हणजे तार खात्यातला माणूस. तारीख, गाडी, डबा नंबर, ठेवतो. आणि तो आपल्याकडे येत नाही तर आपण कुठल्या तोंडाने त्याच्याकडे जायचं, म्हणून आई-वडिलांच्या वेळच्या त्या दोन खेपा सोडल्या तर तिनेही नागपूरचं नाव सोडलं.

वीस सालच्या मे महिन्यात अण्णा गेले. तेव्हा ना गाड्या होत्या, ना विमानं. हरिहरने फोनवर पाच मिनिटं काही न बोलता फोन तसाच कानाला धरून ठेवला, तिनेही धरला. वर्षभराने गाड्या सुरळीत झाल्या आणि तो मास्क लावून डब्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा सरोजच्या अगदी ओठावर आलं होतं की दादा, घरी चल. पण शब्द फुटेना. अण्णा गेले म्हणून दार उघडलं, असं होईल. जणू तेच मध्ये आडवे पडले होते आणि आता वाट मोकळी झाली. थर्मास भरणाऱ्या माणसाशी असं वागायला तिचं मन घेईना. तिकडे हरिहरलाही तसंच काहीसं वाटत असणार. ज्याच्या हयातीत पाऊल ठेवलं नाही, त्याच्या फोटोला हार बघायला कसं जायचं. दोघंही शहाणी, दोघंही हट्टी, आणि गाडी तीन मिनिटांत सुटायची.

मग दोन वर्षांपूर्वी ही तीन मिनिटंही गेली. हरिहरची मुलगी आसावरी गोरेगावला असते. निवृत्तीनंतर हरिहर मुंबईला येई तो तिच्याकडे. तिने एक दिवस जाहीर केलं, "बाबा, रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची काही गरज नाही. दीड तासाचं विमान आहे." तिचं म्हणणं बरोबरच होतं. विमानतळ तिच्या घराजवळ, माणूस चौऱ्याहत्तरीला आलेला. पण विमान कल्याणला थांबत नाही. सरोज दुपारी गच्चीवर पापड वाळत घालताना एखादं विमान वरून जाई, त्यातून दादा जात असेल का असा विचार तिच्या मनात येई आणि मग स्वतःचाच राग येई. दोन वर्षांत हरिहर पाच वेळा मुंबईला येऊन गेला. ती पाचही वेळा फोनवर "पोचलास ना" एवढंच म्हणाली.

या फेब्रुवारीत आसावरीचा फोन आला. "आत्या, बाबा गुरुवारी येतायत. सकाळी अकराला उतरतील."

सरोजच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "डबा कुठला?"

"कसला डबा?"

"म्हणजे बसायचा नंबर."

"बारा-ए. का गं?"

"काही नाही, सहजच," सरोज म्हणाली. आणि फोन ठेवताच स्वानंदला हाक मारली, "गुरुवारी मला विमानतळावर ने. दादा येतोय."

स्वानंद ठाण्याला एका कंपनीत आहे. त्याने आईकडे जरा निरखून बघितलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गुरुवारी पहाटे साडेचारला सरोज उठली. वास्तविक आठला निघायचं होतं, पण दादाला भेटायचं म्हणजे साडेचारलाच उठायचं असं अंगात भिनलेलं. थालीपिठं केली, थर्मास भरला. मोठागावच्या नव्या पुलावरून गाडी खाडी ओलांडून माणकोलीला निघाली तेव्हा तिने थर्मास मांडीवर उभा धरला होता. ठाणं, मुलुंड, पवई करत दहा वाजता ते विमानतळावर पोचलेसुद्धा. स्वानंदने तिला बाहेर येण्याच्या दाराशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला.

तिथं कठड्याला टेकून माणसं उभी होती, काहींच्या हातात नावांच्या पाट्या. सरोजला कुठे उभं राहावं ते कळेना. एस-चार असता तर तिला जिन्यापासून किती पावलं ते ठाऊक होतं. बारा-ए कुठे लागतो हे सांगायला इथं नाथा नव्हता. तिने गणवेशातल्या माणसाला विचारलं, "नागपूरचे लोक कुठून येतात?" तो म्हणाला, "सगळे इथूनच येतात, आजी." सगळा देश एकाच दारातून बाहेर पडतो हे तिला फारसं पटलं नाही, पण ती थांबली.

स्वानंद येऊन तिच्याशेजारी तासभर उभा राहिला. मग त्याला गाडी चुकीच्या जागी लागल्याचा फोन आला आणि "आलोच" म्हणून तो गेला. नेमका तेव्हाच हरिहर बाहेर आला. हातात काठी होती. ती पूर्वी नव्हती. अंगाने निम्मा झाला होता. त्याला घ्यायला आसावरीने पाठवलेला ड्रायव्हर पुढे झाला, पण हरिहरची नजर त्याच्यावरून सरून कठड्याशी थांबली.

"आलीस?"

"आले."

तिने थालीपिठं आणि थर्मास पुढे केला. त्याने खांद्याच्या पिशवीतून दोन वर्षं नागपुरात राहिलेला तिचा डबा काढून दिला. आत चारोळ्या होत्या.

"तिखट कमी आहे ना? डॉक्टर ओरडून राहिले."

"कमीच घातलंय. काठी कधीपासून?"

"दिवाळीपासून. तुझे गुडघे?"

"आहेत."

"सरू, आता ही शेवटचीच खेप समज. प्रवास पुरे म्हणून राहिले डॉक्टर. यापुढे आसावरीच तिकडे येत जाईल."

सरोजने डबा काखेत धरला. बातम्या संपल्या होत्या. तो उभा राहिला, ती उभी राहिली. मग हरिहरने मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"बरं, निघतो."

"सावकाश," ती म्हणाली.

तो ड्रायव्हरबरोबर गेला. ती वळून चालायला लागली. समोरून स्वानंद धावतपळत येत होता. "मामा आला? कुठाय?"

"गेला."

"गेला? अगं, पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मी भेटलोही नाही त्याला. काय म्हणाला?"

"नेहमीचंच," सरोज म्हणाली आणि गाडीत बसली.

पवई गेली, मुलुंड गेलं. ठाण्याच्या माजिवड्याला गाड्या तुंबल्या होत्या. तिथं पंधरा मिनिटं थांबल्यावर सरोज एकदम म्हणाली, "स्वानंद, तिथं कुठली गाडी सुटणार होती रे?"

"कुठे?"

"विमानतळावर. आम्हाला कसली घाई होती?"

स्वानंदला काही कळलं नाही. सरोजला मात्र पुरतं कळलं आणि तिला आधी हसू फुटलं. दोन म्हातारी माणसं, मागे ना इंजीन, ना गार्ड, ना सिग्नल. बसायला बाकडी होती, पलीकडे चहाचं दुकान होतं, दिवस अख्खा मोकळा होता. आणि तीस वर्षांच्या सवयीने दोघांनी तीन मिनिटांत उरकलं आणि आपापल्या वाटेला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. शेवटची खेप म्हणाला तो, आणि आपण सावकाश म्हणालो. तिला स्वतःची इतकी चीड पूर्वी कधी आली नव्हती.

हरिहर परत जायचा होता पुढच्या शुक्रवारी, दुपारच्या विमानाने. मधले दिवस सरोजचे फार वाईट गेले. भाजी निवडताना, दूध तापवताना एकच गोष्ट डोक्यात. आता बोलवलं नाही तर संपलंच. मंगळवारी संध्याकाळी ती अण्णांच्या फोटोसमोर जाऊन बसली. त्यांना सोडून दादाला बोलवायचं, ही टोचणी पाच वर्षं तिने जपली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की हे सगळं अण्णांच्या नावावर टाकणं सोपं होतं म्हणून टाकलं. अण्णा बोलले ती दोनच वाक्यं. त्यांच्या बोलण्यानंतर त्या पंगतीत जे गप्प बसलं होतं, ते दुसरंच कुणी होतं. ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. दादाला ते सांगायचं होतं आणि सांगायला तो समोर बसायला हवा होता, निवांत.

बुधवारी तिने गोरेगावला फोन लावला.

"आत्या, थांब, स्पीकरवर टाकते," आसावरी म्हणाली. "बाबांना नीट ऐकू येत नाही."

"टाकू नकोस. त्याच्या कानाला लाव."

पलीकडे खुडबूड झाली आणि हरिहरचा आवाज आला, "हां, बोल."

"दादा, परत गाडीने जा."

"तिकीट विमानाचं आहे."

"माहीत आहे मला."

पलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कल्याणला येशील?"

"येईन."

"बरं. ठेवतो."

घरी ये, असं तिने फोनवर मुद्दामच म्हटलं नाही. फोनवर नाही म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. रात्री आसावरीचा फोन आला, चांगलीच वैतागलेली होती. "आत्या, काय मंत्र दिलास गं बाबांना? विमानाचं तिकीट रद्द करायला लावलं. दुपारच्या सेवाग्रामनेच जाणार म्हणतात. मी दादरला बसवून देते, नागपूरला शेजारचे उतरवून घेतील. पण तू तरी समजवायचंस की नाही?" सरोजने सगळं ऐकून घेतलं आणि डबा नंबर विचारला. बी-दोन होता.

शुक्रवारी सकाळी तिने कढी केली, भरली वांगी केली आणि गोळाभाताची तयारी करून ठेवली. बेसनाचे गोळे भातात वाफवायचे आणि वर चरचरीत लसणीची फोडणी ओतायची, नागपूरकडचं हे जेवण डब्यात घालून नेता येत नाही. ते गरम गरम ताटातच वाढावं लागतं. म्हणूनच तिने ते केलं होतं. तीन वाजता ती रिकाम्या हातांनी रिक्षात बसली. मांडीवर थर्मास नाही, पिशवी नाही, हात कुठे ठेवावेत तेच कळेना. कल्याण येईपर्यंत तिने दोनदा रिक्षा मागे वळवायचा विचार केला. तो नाही म्हणाला तर बिचारा उपाशी जाईल, ही धास्ती वेगळीच.

नाथा फलाटावर होता. त्याचीही मिशी पांढरी झाली होती. "ताई, लई दिसांनी," तो म्हणाला. "आज डबा नाय आनला?"

"नाही आणला."

"मंग दादा उपाशी जानार का?"

"बघू," सरोज म्हणाली. "बी-दोन कुठे लागेल?"

"ह्या पंख्याखाली उभं राहा. दार समोर येतंय."

चारच्या सुमारास गाडी आली आणि दार खरोखरच पंख्याखाली आलं. हरिहर आधीपासून दारात येऊन उभा होता, एका हाताने दांडी धरून. गाडी थांबताच त्याने दुसरा हात सवयीने पुढे केला, डबा घ्यायला. सरोजच्या हातात काही नव्हतं. त्याने तिच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"डबा?"

"घरी आहे. गोळाभात केलाय. उतर."

हरिहर तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या मागून एक बाई पाण्याची बाटली घेऊन उतरायला आल्या, तो बाजूला सरला, पुन्हा दारात आला.

"सरू, तिकीट नागपूरपर्यंतचं आहे."

"असू दे."

"आसावरी रागावेल."

"तिला मी सांगते."

"सामान आत आहे."

"नाथा काढेल."

नाथा तोवर आत शिरलाही होता. हरिहरने घड्याळात बघितलं. सरोजला पुढचं सगळं ठाऊक होतं. आता तो बरं निघतो म्हणणार, आणि आपण सावकाश म्हणणार, आणि झालं.

"दादा," ती म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंय. आणि ते तीन मिनिटांत होत नाही."

हरिहरने तिच्याकडे बघितलं. मग आधी काठी खाली दिली. ती तिने धरली. मग एक पाय खाली टाकला, नाथाने दंडाला धरलं, मग दुसरा. तेवढ्यात शिट्टी झाली. नाथाने बॅग बाकाजवळ ठेवली. गाडी हलली आणि एकेक डबा समोरून जायला लागला. रिकाम्या दारांकडे हरिहर जरा गोंधळून बघत होता. इतक्या वर्षांत या गाडीला त्याने कल्याणहून जाताना बाहेरून पाहिलं नव्हतं.

दोघं बाकावर बसली. नाथा म्हणाला, "रिक्षा बघू का?" सरोज म्हणाली, "थांब जरा." तो समजला आणि लांब जाऊन उभा राहिला.

घरी गेल्यावर बोलायचं असं तिने ठरवलं होतं. पण घरी गेल्यावर पानं वाढायची, स्वानंद येणार, आसावरीचा फोन येणार. तिला माहीत होतं, आपण पुन्हा पुढे ढकलू. म्हणून ती तिथंच बोलली. "मुंजीत अण्णा तुला बोलले, तेव्हा मी गप्प बसले, दादा. मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले असते तर तू थांबला असतास. पाहुण्यांदेखत नवऱ्याला कसं टोकायचं म्हणून नाही बोलले. आणि नंतर बोलायची लाज वाटली."

हरिहरने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "अण्णांचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "माणूसच तसा होता. त्यांचा राग मला कसारा येईपर्यंतसुद्धा टिकला नाही. पण मी हात धुवून आलो, तेव्हा तुझ्याकडे पाहिलं होतं. तू वाटी घेऊन उभी. मला वाटलं, आता म्हणशील, दादा, थांब. चपला घालायला मी पाच मिनिटं लावली, बाप्पा."

"आणि मग?"

"मग काय. एस-चारचं कार्ड टाकलं. वाटलं, आता म्हणशील. पुढच्या खेपेला वाटलं, आता म्हणशील." त्याने काठी बाकाला टेकवली. "तीस वर्षं मी दर वेळी दारात येऊन उभा राहत होतो, ते डब्यासाठी नाही."

सरोजला रडू आलं. एरवी ती आवरत आली होती, कारण शिट्टी व्हायची आणि दादाने आपला रडका चेहरा मुंबईपर्यंत न्यावा असं तिला वाटत नसे. आज आवरायचं काही कारण नव्हतं. ती पदर तोंडाला लावून पोटभर रडली. हरिहर शेजारी बसून राहिला, आणि त्याने एकदाही घड्याळात बघितलं नाही.